गिअरबॉक्स उतरवायच्या आधीच फ्लायव्हीलचे पैसे कसले मागतात?

आलेलं पत्र, थोडं छाटून:

"दादा, आमची २०१६ची पेट्रोल वॅगनआर आहे. २०२१ला सेकंड हँड घेतली तेव्हा ४१ हजार फिरलेली होती, आता ७८ हजार झालेत. राहतो कराडला, सासूसासरे चिपळूणला, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट होतोच. मागच्या वेळी घाटात ट्रकच्या मागे हळूहळू चढताना जळका वास आला आणि ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जोर घेईना. घरी आल्यावर सपाटीला फारसं जाणवत नाही. कोपऱ्यावरचे मेकॅनिक काका म्हणाले केबल टाईट झालीय, तीनशे रुपयांत सेट करून देतो. एका मोठ्या गॅरेजात नेली तर तिथल्या मुलाने गाडी चालवूनही न बघता एस्टिमेट दिलं, क्लच सेट ६,४००, फ्लायव्हील ५,२००, लेबर ४,०००, कन्झ्युमेबल ९००, वर जीएसटी पार्टवर २८ टक्के आणि लेबरवर १८ टक्के, एकूण २०,६३०. आणि १० हजार आधी यूपीआय करा म्हणाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने फोनवर १४ हजारांच्या आसपास सांगितलं, पण गाडी चार दिवस ठेवावी लागेल म्हणे. खरं कोणाचं मानू? आणि ह्यांचं म्हणणं असं की मी आठ महिन्यांपूर्वी गाडी शिकले, म्हणजे क्लच मीच जाळला, तर अर्धा खर्च माझ्या पगारातून. हे बरोबर आहे का?"

ताई, एक गोष्ट आधी. क्लचचं काम नक्की होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. गावात भाजी आणायला, ऑफिसला हळू चालवून काही दिवस निघतील, पण क्लच सरकायला लागला (म्हणजे इंजिन फिरतं पण जोर चाकापर्यंत पोचत नाही) की चढाला तर गाडी अडकतेच, उताराला इंजिनचा ब्रेक लागायला हवा तोही नीट मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गाडीत पोरं आणि म्हातारी माणसं असताना ही रिस्क कशाला. चिपळूणच्या मंडळींना सांगा ह्या महिन्यात तुम्हीच या.

आता तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्यात आणि तुम्हाला वाटतंय दोघं तरी खोटं बोलतायत. मला तसं वाटत नाही. काका खोटं बोलत नाहीयेत हे तर मी पैजेवर सांगतो, ते चुकू शकतात ही गोष्ट वेगळी. का ते बघा.

तुमच्या गाडीत क्लच केबलवर चालतो. पेडल दाबलं की केबल ओढली जाते, ती गिअरबॉक्सच्या आतला फोर्क हलवते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबतं आणि मग मधली क्लच प्लेट मोकळी होते. पेडल सोडलं की प्रेशर प्लेट त्या क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, दाबून धरते आणि इंजिनचा जोर चाकाकडे जातो. ह्या क्लच प्लेटचं अस्तर चपलेच्या तळव्यासारखं झिजत जातं, त्याला इलाज नाही. गंमत अशी की अस्तर झिजून पातळ झालं की प्रेशर प्लेटच्या पाकळ्या मागे, बेअरिंगच्या दिशेने सरकतात, म्हणजे केबलमध्ये जी थोडी ढील ठेवलेली असते ती आपोआप संपत जाते. ढील पूर्ण संपली की तुम्ही पेडलवर पाय ठेवलेला नसतानाही बेअरिंग पाकळ्यांवर टेकून राहतं, क्लच सतत किंचित दाबलेला राहतो आणि जोर पडला की सरकतो. म्हणजे लक्षणं सगळी क्लच गेल्याची आणि प्लेटमध्ये अजून जीव असू शकतो! अशा वेळी काका म्हणतात तसं ॲडजस्टरचा नट फिरवून थोडी ढील दिली की गाडी परत नीट चालते. कधी वर्षभर चालते, कधी दोन आठवड्यांत परत तेच, कारण अस्तरच संपत आलेलं असतं. केबल सेट केली म्हणून अस्तर परत उगवत नाही ना.

म्हणून आधी घरच्या घरी एक बघा. इंजिन बंद, क्लचचं पेडल पायाने नाही तर हाताने हळूच दाबा. सुरुवातीला थोडं मोकळं, बिनजोराचं जायला हवं आणि मग जड लागायला हवं. किती मोकळं ते गाडीबरोबरच्या मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. सेकंड हँड घेताना ते पुस्तक मिळालं नसेल तर बोटाच्या रुंदीइतकं तरी असावं एवढं लक्षात ठेवा. अगदी पहिल्यापासूनच जड लागलं, ढील नावालाही नाही, तर काकांकडे जा आणि ते ३०० रुपये बिनधास्त द्या. तीनही एस्टिमेटमध्ये सगळ्यात स्वस्त तपासणी तीच आहे.

ढील व्यवस्थित असेल किंवा सेट करूनही फरक पडला नाही, तर पुढची टेस्ट. मोकळं सपाट मैदान बघा, पुढे मागे माणूस, भिंत काही नको, चाकाला दगड लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि दुसरा पाय ब्रेकवर. इंजिन चालू करून चौथा गिअर टाका आणि क्लच सावकाश पण न थांबता पूर्ण सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन गचका देऊन लगेच बंद पडतं. क्लच पूर्ण सुटला तरी इंजिन आरामात फिरतच राहिलं तर प्लेट धरत नाहीये, विषय संपला, लगेच चावी बंद करा. ही टेस्ट एकदाच, फार तर दोनदा, उगाच व्हिडिओ काढायला परत परत करू नका, कारण प्रत्येक वेळी तुम्ही तीच प्लेट जाळत असता. एकटीने करायला भीती वाटत असेल तर काकांना करायला सांगा आणि शेजारी बसून बघा.

दुसरी पद्धत रस्त्यावरची. रिकामा रस्ता, चौथ्या गिअरमध्ये ४०-४५चा स्पीड, आणि मग ॲक्सिलरेटर खोल दाबा. इंजिनचा आवाज आणि स्पीड बरोबरीने हळूहळू चढले पाहिजेत. आवाज एकदम चढला आणि काटा तिथेच राहिला तर क्लच सरकतोय. तुम्ही घाटातलं जे वर्णन केलंय ते नेमकं हेच आहे, आणि सपाटीला जाणवत नाही हेही बरोबर, कारण सपाटीला इंजिनवर एवढा लोडच नसतो, सुरुवात नेहमी चढापासूनच होते. त्यामुळे खरं सांगायचं तर माझा अंदाज आहे की तुमचा क्लच जायच्याच मार्गावर आहे. पण अंदाजावर मी वीस हजार खर्च करायला सांगणार नाही.

बाकीच्या तक्रारी तुम्ही लिहिल्या नाहीत, तरी एकदा कान देऊन बघा, कारण गॅरेजवाल्याला सांगायला उपयोगी पडतं. पेडल दाबल्यावर घरघर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. उलट न्यूट्रलला पेडल सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर गायब, तर तो गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगचा, ते काम वेगळं आणि महागाचं. गाडी उचलताना थरथरत असेल तर प्लेटला तेल लागलंय किंवा फ्लायव्हील तापून खराब झालंय. आणि क्लच पूर्ण दाबूनही गिअर खरखर करत पडत असेल तर ती तक्रार उलटी आहे, क्लच सरकत नाहीये, सुटतच नाहीये, तिथे बहुतेक वेळा केबल ताणून लांब झालेली असते आणि ती काही शेकड्यांत येते.

आता त्या २०,६३०च्या कागदाकडे येतो, कारण तो वाचून माझं डोकं फिरलं.

फ्लायव्हील इंजिनला असतं, त्याच्यावर क्लच प्लेट, त्यावर प्रेशर प्लेट आणि ह्या सगळ्यावर गिअरबॉक्स. फ्लायव्हील बघायचं तर दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (पुढच्या चाकांना जोर देणारे दांडे) काढायचे, गिअरबॉक्स उतरवायचा, प्रेशर प्लेट खोलायची, मग त्याचं तोंड दिसतं. ज्या मुलाने गाडीत बसून एक चक्करही मारली नाही त्याला ते फ्लायव्हील बदलायचंय हे कसं कळलं? कळूच शकत नाही हो. मोठ्या डिझेल गाड्यांत स्प्रिंगवालं डबल फ्लायव्हील येतं, ते जातं आणि त्याचा खर्च खरंच घाम फोडतो, पण तुमच्या छोट्या पेट्रोल गाडीत साधं सरळ एका तुकड्याचं लोखंडी फ्लायव्हील असतं. खोलल्यावर त्यावर निळे डाग किंवा हलके ओरखडे दिसले तर टर्नरकडे नेऊन फेसिंग (तोंड घासून सपाट) करून घेतात, ते फ्लायव्हीलच्या किमतीच्या मानाने किरकोळ काम आहे. खोल तडे असतील किंवा प्लेट रिव्हेटपर्यंत झिजून रिव्हेटने चर पाडले असतील तर बदलावं लागतं, नाही असं नाही. पण ते ठरवायचं खोलल्यानंतर, तुम्हाला दाखवून.

म्हणून एस्टिमेट नेहमी दोन भागांत मागा. पहिला भाग नक्की खर्चाचा, म्हणजे गिअरबॉक्स उतरवून चढवायचं लेबर, क्लच सेट, गिअर ऑइल. दुसरा भाग "खोलल्यावर निघालं तर" ह्या खर्चाचा, म्हणजे फ्लायव्हील, ऑइल सील, फोर्क, केबल, प्रत्येकाची किंमत आधीच लिहून घ्यायची पण होकार फोटो किंवा पार्ट बघितल्यावरच द्यायचा. जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजवाले कामाचा जो कागद करतात त्यावर, तसं एक वाक्य लिहायला लावा, "ग्राहकाला विचारल्याशिवाय जादा काम करू नये". जो गॅरेजवाला ह्याला कां कू करेल त्याच्याकडून गाडी परत आणा, त्यात लाजायचं काही नाही.

दुसरी गोष्ट जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्याच पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे. आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, तो गेला. तुमच्या कागदावर ११,६०० च्या पार्टवर २८ टक्क्यांनी ३,२४८ रुपये लावलेत, १८ने ते २,०८८ होतात, म्हणजे नुसते १,१६० रुपये जुन्या रेटच्या नावाखाली. सॉफ्टवेअर अपडेट केलं नसेल असं आपण चांगल्या मनाने मानू, पण पैसे मात्र द्यायचे नाहीत. आणि हेही विचारा की ६,४०० ही बॉक्सवरची एमआरपी आहे का, कारण एमआरपीमध्ये सगळे टॅक्स धरलेले असतात, त्याच्यावर परत जीएसटी चढवता येत नाही. बॉक्स तुमच्यासमोर फोडायला सांगा, एमआरपीचं लेबल वाचा, फोटो काढा. मारुतीच्या जेन्युइन पार्ट्सच्या साइटवर पार्टच्या किमती बघताही येतात, पाच मिनिटांचं काम आहे.

आता त्याच कागदातून फ्लायव्हील काढून टाका. ६,४००, ४,००० आणि ९०० मिळून ११,३००, त्यावर १८ टक्के धरले तर १३,३३४. बघा, सर्व्हिस सेंटरच्या चौदा हजारांच्या जवळच येऊन टेकलं की नाही! म्हणजे तुमच्याकडे खरं तर दोनच कोटेशन आहेत, तीनशेचं आणि साधारण साडेतेरा-चौदाचं. कन्झ्युमेबल ९०० म्हणजे नेमकं काय तेवढं विचारा. गिअर ऑइल असेल तर रास्त आहे, ड्राइव्ह शाफ्ट काढताना ते काढावंच लागतं आणि नवीन भरणंच शहाणपणाचं. पण कापडाचे बोळे आणि डब्ल्यूडी फोर्टीचे ९०० असतील तर हसून मान हलवा.

काय बदलायचं ह्यावर माझं मत ठाम आहे. नुसती क्लच प्लेट बदलून देतो, तीन हजार वाचतील, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. ह्या कामात खरा त्रास गिअरबॉक्स उतरवायचा असतो, आणि तेच लेबर सहा महिन्यांनी बेअरिंगसाठी परत भरायचं म्हणजे मूर्खपणा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तीनही एकदम, एकाच कंपनीचं. कंपनीचा जेन्युइन घ्या नाहीतर व्हॅलिओ, लुक, एक्सेडी असं नावाजलेलं काहीतरी घ्या, नाव न ऐकलेला स्वस्त सेट नको. आणि गिअरबॉक्स खाली असताना क्रँकच्या मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या पुढचं सील ओलं आहे का ते टॉर्च मारून बघायला सांगा. प्लेटला तेल लागूनही क्लच सरकतो, आणि तसं असेल तर सील न बदलता नवा सेट टाकणं म्हणजे तोही तेलात घालणं. सील स्वस्त असतं, त्यात कंजूषपणा करू नका.

कोणाकडून करायचं? काकांकडे गाडी वर उचलायची सोय आणि गिअरबॉक्स धरायचा जॅक असेल, असं काम ते नेहमी करत असतील, तर मी त्यांनाच देईन, सेट आपण दुकानातून बिलासकट आणून. लेबर तिथे बरंच कमी पडतं. त्यांच्याकडे जीएसटी नंबर नसेल तर ते जीएसटी लावू शकत नाहीत, हाताने लिहिलेलं तारखेचं बिल मात्र घ्या, त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि काय काय बदललं ते. आणि आधी विचारून ठेवा की पार्ट आम्ही आणला तर लेबरची जबाबदारी तुमची राहणार ना, कारण काही जण नंतर "पार्टच खराब होता" म्हणून हात वर करतात. तशी सोय नसेल तर सरळ सर्व्हिस सेंटर. प्रत्यक्ष काम एका दिवसाचं आहे, चार दिवस रांगेचे असतात, अपॉइंटमेंट घेऊन सकाळी पहिली गाडी लावली तर बहुतेक वेळा लवकर सुटते. फोनवरचा आकडा मात्र धरून बसू नका, तिथे जाऊन लेखी घ्या.

ॲडव्हान्सचं सांगतो. १० हजार आधी द्यायची काहीच गरज नाही. पार्ट बाहेरून मागवायचा असेल तर पार्टपुरते पैसे पावती घेऊन देणं ठीक आहे, दुकानदाराला पण उधारी नको असते. पण लेबरचा ॲडव्हान्स कशाला? तुमची अख्खी गाडी त्यांच्या ताब्यात असते, आणि केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती अडकवून ठेवायचा हक्क त्यांना १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नेच दिलेला आहे. म्हणजे त्यांचे पैसे बुडण्याची भीती जवळजवळ नाहीच, तुमचे अडकण्याची आहे. म्हणून उरलेले पैसे ट्रायल मारल्यावर. जुना सेट परत मागा, आधीच सांगून ठेवा, डिकीत टाकून घरी आणा. भंगारात काय किंमत येते ते सोडा, पण जुनी प्लेट हातात आली की ती खरंच झिजली होती का ते दिसतं, आणि नवीन टाकली याची खात्री पण होते.

इन्शुरन्समधून मिळेल का असं तुम्ही विचारलं नाही, तरी बरेच जण विचारतात, तर नाही, झीज कुठल्याच साध्या पॉलिसीत धरत नाहीत. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोइंग मात्र फुकट मिळू शकतं, घाटात गाडी बंद पडली तर तोच नंबर कामाला येतो, आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा.

आणि आता तुमच्या ह्यांचं.

साहेबांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा की ही गाडी ४१ हजार किलोमीटर कोणी, कुठल्या शहराच्या ट्रॅफिकमध्ये, कसल्या पायाने चालवली ते त्यांना ठाऊक आहे का? क्लच प्लेट पहिल्या दिवसापासून झिजत असते. नीट चालवणाऱ्याकडे ती लाखापर्यंत जाते, ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) चालवणाऱ्याकडे ४०-५० हजारांतच संपते, त्यामुळे ७८ हजारांना गेली तर तिने तिचं आयुष्य जगलं असंच मी म्हणेन. शिकताना क्लच जास्त झिजतो हे खरं आहे, त्यात तुमचा थोडा वाटा असेलही. पण महिन्यातून एकदा कुंभार्लीत ट्रकच्या मागे हाफ क्लचवर गाडी कोण तोलून धरतं? पत्राच्या सुरावरून तरी घाटात स्टिअरिंग तुमच्याकडे नसतं असं वाटतं. चढावर थांबलं की हँडब्रेक ओढायचा आणि क्लच पूर्ण दाबून न्यूट्रल करायचं, ॲक्सिलरेटर आणि क्लचवर गाडी लोंबकळत ठेवायची नाही, ही सवय कोणाची कशी आहे ते पुढच्या वेळी बाजूला बसून बघा. त्यांचा डावा पाय चालवताना कुठे असतो तेही बघा, क्लचच्या पेडलवर टेकलेला असेल तर निम्मा खर्च कोणाचा हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. तसंही गाडी घरची असेल तर खर्च घरचा. शिकण्याची किंमत पगारातून कापायची तर मग ते शिकले तेव्हा कोणाच्या पगारातून कापली होती, हेही विचारून बघा (हे हसत हसत, जेवणानंतर).

काम झाल्यावर बिल देण्याआधी स्वतः चालवा. पेडल पूर्वीपेक्षा हलकं लागेल आणि गाडी पेडल सोडताना थोडी खालीच उचलेल, तीन-चार दिवस सवय होईपर्यंत गचके बसतील, त्याला घाबरू नका. रिव्हर्ससकट सगळे गिअर खरखर न करता पडले पाहिजेत. पहिले काही शे किलोमीटर नव्या प्लेटला घाट आणि जड लोड नको, तिला फ्लायव्हीलवर नीट बसू द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायच्या आधी खाली वाकून बघा, पुढच्या चाकांच्या मध्ये तेलाचा थेंब पडलेला असेल तर ड्राइव्ह शाफ्टचं सील नीट बसलेलं नाही. त्याच दिवशी, त्याच गॅरेजात परत न्या, जॉब कार्ड दाखवा, ते काम त्यांच्याच लेबरमध्ये येतं, वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. आणि फारच आडमुठेपणा केला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते, बिल आणि फोटो जवळ असले की झालं.